गच्चीवरची पँट

शेजारचे उमाठे विचारून गेले, काढायची का आता ती?
बांबूच्या टोकाला नौदलाच्या पांढऱ्या पँटची एक टांग,
मांडीकडं तारेची रिंग, घोट्याकडं मोकळी.
वारा आला की फुगते, दिशा दाखवते.
खामल्यातल्या पोरांना वाटायचं,
धकातेकाका वाळत घालून विसरले.

बाबा, तुम्ही गेलात त्या दिवशी ती निपचित लोंबत होती.
सेहेचाळीस अंश. पान हलत नव्हतं.
अशा दिवसांत तुम्ही म्हणायचात, हे काय ऊन आहे?
बॉयलर रूममध्ये आम्ही घामाचं मीठ
बनियनवरून झटकून टाकायचो.

तांडापेठेत हातमागाच्या खड्ड्याशेजारी जन्मलात,
समुद्र जिथून चारी बाजूंनी सारखाच लांब.
आजोबांच्या धोट्याची खटखट ऐकत झोपायचं,
आणि एका रात्री थोरल्या भावाच्या सायकलच्या दांडीवर
थेट सोनेगाव.
तेव्हा चार शहरांतून चार विमानं निघायची,
मध्यरात्री आपल्या गावात उतरायची,
पत्रांच्या थैल्या बदलून
उजाडायच्या आत आपापल्या घरी.
"मी पाहून राह्यलो होतो अन् तोंडात माशी गेली,"
एवढंच सांगायचात.
पुढचं सगळं आयुष्य मला
त्या माशीपासूनच सुरू झाल्यासारखं वाटतं.

वैमानिक व्हायचं होतं. डोळ्यांनी नापास केलं.
मग विमानं वाहणाऱ्या जहाजावर गेलात, पार तळाशी,
पाण्याच्या रेषेखाली.
अकरा वर्षांत समुद्र पाहिला तो
रजेवर उतरताना आणि रजा संपल्यावर चढताना.
वर डेकवरून विमान सुटायचं,
खाली गेजचा काटा धाडकन पडायचा,
तुम्ही तो परत वर आणायचात.
काटा पडला, म्हणजे एक उडालं.
तुमची उड्डाणं तेवढीच.

नंतर कोराडीला अठ्ठावीस वर्षं, पुन्हा वाफच.
त्या वाफेवर अर्ध्या गावाचे दिवे लागले,
पण कुणी विचारलं तर जहाजावरचंच सांगायचात:
उडवलं कोणी? पायलटनं?
अबे, आमच्या वाफेनं.

घरात? घरात तुम्ही कूलरला सागवानी पंखा बसवलात,
स्वतः तासून, प्रोपेलरसारखा पीळ देऊन.
पहिल्याच दुपारी आईचं पंचांग, लग्नपत्रिकांचा गठ्ठा
आणि परातीतले सरगुंडे थेट अंगणात.
आई चार दिवस बोलली नाही.
पाचव्या दिवशी म्हणाली,
काहून जी, याला ब्रेक नाही का?

वह्या एकोणीस आहेत. मी मोजल्या.
तारीख, वेळ, विमान, वारा.
माझ्या लग्नाच्या दिवशीसुद्धा दोन नोंदी,
दुसरीपुढं बारीक अक्षरात: वरात दाराशी. वारा पश्चिमेचा.
माझ्याबद्दल एकोणीस वह्यांत तेवढंच.
त्या ओळीवर मी बराच वेळ बोट ठेवून बसले.
शेवटच्या पानावर अक्षर कलंडलेलं,
वेळ आहे, विमानाची जागा रिकामी.
ऐकू आलं नसेल.
की आलं, आणि हात उरला नसेल.

उमाठ्यांना काय सांगावं ते सुचेना.
आई पायरीवर लोणच्याच्या कैऱ्या पुसत होती.
वरून आवाज गेला. मी आभाळाकडं पाहिलं,
उन्हात काहीच दिसेना.
"एअरबस," आई खाली मान घालूनच म्हणाली,
"डावं इंजिन घोगरं आहे."
मग कैरी फडक्यावर ठेवून, जरा थांबून:
"लिहून ठेव न वं. वेळ पाह्य आधी."